होकाराचं ठिगळ

अशी कल्पना करा, की तुमच्या समोरच्या पडद्यावर एक माणूस बोलतोय. चांगला पाऊण तास बोललाय. मध्ये खोकलाय, पाणी प्यायलाय, कुणाचं तरी नाव विसरून शेजारच्याकडे हळूच बघून घेतलंय, आणि दर चार वाक्यांनी "म्हणजे कसं आहे" म्हणालाय. तुम्हाला त्यातून मिनिटभराचाही नाही इतका छोटा तुकडा काढायचाय. तोही असा, की कुठेतरी रांगेत उभा राहून अंगठ्याने फोन सरकवत असलेल्या माणसाचा अंगठा तिथे थांबलाच पाहिजे.

आधी तुम्ही खोकला काढाल. मग पाणी. मग सगळे "म्हणजे कसं आहे". वाक्यं आता एकमेकांना चिकटली, पण वेगळीच पंचाईत झाली. जिथे जिथे कापलं, तिथे त्या माणसाचं डोकं टुणकन उडतं. आत्ता डावीकडे कललेलं होतं, पापणी लवायच्या आत उजवीकडे. बघणाऱ्याला लगेच कळतं की इथलं काहीतरी गाळलंय. मग काय कराल? आवाज तसाच चालू ठेवाल आणि त्या सांध्यावर क्षणभर दुसरं काहीतरी दाखवाल. एखादी बाई कान देऊन ऐकतेय. एखादा म्हातारा होकाराची मान हलवतोय. तेवढ्यात सांधा झाकला जातो. बोलणारा पुन्हा दिसतो तेव्हा त्याचं डोकं कुठेही असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्या मुलीची ही गोष्ट, ती या झाकणाऱ्या तुकड्याला ठिगळ म्हणायची. हा शब्द तिने घरून आणला होता. वडील शिलाई मशीन दुरुस्त करणारे, आई दुरुस्त झालेल्या मशीनवर जुन्या कपड्यांचा तुकडा घालून टाका तपासणारी. घरातल्या पायपुसण्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत एकही वस्तू ठिगळाशिवाय नव्हती. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "इथे एक ठिगळ लावते," आणि सगळे हसले. तिचं स्वतःचं नाव मात्र तिथे कुणी घेत नसे. तिला सगळे कात्री म्हणत.

कात्री या धंद्यात आली ती लग्नाच्या व्हिडिओंवरून. शिक्षण कॉम्प्युटरचं, पण नोकरी मिळेपर्यंत म्हणून एका स्टुडिओत बसायला लागली आणि तिथेच रमली. स्टुडिओचा मालक जाडजूड, आनंदी माणूस होता. मुलगी सासरी निघाली की कोण रडलं, कोण रडलं नाही याची त्याला फिकीर नसे. तो म्हणायचा, "आत्या रडली नाही तर नाही. रडणारी आत्या आपल्याकडे आहे." खरंच होती. तीन-चार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नातली एक बाई पदराने डोळे टिपत होती, चेहरा अर्धा झाकलेला, त्यामुळे ती कुणाचीही आत्या म्हणून खपायची. कात्रीने तिला कितीतरी लग्नांत रडवलं. एकाही घरातून तक्रार आली नाही. उलट एका नवरीची आई म्हणाली होती, "आमच्या नणंदेला इतकं वाईट वाटलं असेल असं वाटलं नव्हतं हो." ती गोष्ट कात्री पुढे कित्येकदा रंगवून सांगायची आणि ऐकणारे पोट धरून हसायचे.

निवडणूक जवळ आली तशी लग्नवाल्यांपेक्षा उमेदवार जास्त पैसे देऊ लागले. कात्री एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात गेली. कार्यालय म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. खाली कार्यकर्त्यांची वर्दळ, पत्रकांचे गठ्ठे, चपलांचा ढीग. वर व्हिडिओवाले. ज्या सोफ्यावर बसून ती काम करायची, त्याच्या हाताला अजून किमतीची चिठ्ठी लटकत होती आणि "पन्नास टक्के सूट" असा फलक टेबलाचा हलणारा पाय स्थिर ठेवायला घातलेला होता.

वरच्या मजल्याचा कारभार मॅनेजरकडे. हा आधी साबण आणि टूथपेस्टच्या जाहिराती करायचा. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना वेळेवर जेवायला पाठवायचा, कुणाचं मूल आजारी असलं तर स्वतःहून सुट्टी द्यायचा. पण त्याच्या डोक्यात एक आलेख सतत चालू असे. लोक कुठल्या क्षणाला बघायचं थांबवतात, ती रेघ. "इथे बघ, साहेब 'विचार करू' म्हणाले आणि निम्मे लोक पळाले," तो पडद्यावर बोट ठेवून दाखवायचा. "लोकांना विचार नको असतो, कात्री. लोकांना वाक्य संपलेलं हवं असतं."

आणि साहेब, म्हणजे खुद्द उमेदवार, पडद्यावर दिसत त्याहून थकलेले होते. दिवसातून चार-पाच वेळा त्यांना खिडकीजवळ उभं करून फोनसमोर बोलायला लावत. तेच वाक्य पुन्हा, आता जरा हसून, आता फोनकडे बघून, फोनमागच्या माणसाकडे नको. एकदा त्यांनी कात्रीला विचारलं होतं, "बाई, मी जास्त हसतोय का? घरी मुलगी म्हणते, मी त्या व्हिडिओत कुणी दुसराच वाटतो." खरं तर साहेब श्वास कुठे घेतात, खोटं बोलायच्या आधी जीभ ओठांवरून कशी फिरवतात, आणि खरं बोलताना आवाज कसा खाली जातो, हे तिला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत झालं होतं. अशा खाली गेलेल्या आवाजाची वाक्यं व्हिडिओत कधीच टिकत नसत. पडद्यावर आवाजाची जी नागमोडी पट्टी दिसते, तिच्यात ती शेपटीसारखी बारीक होत गेलेली असत. कात्रीचा हात आता इतका बसला होता की ऐकायच्या आधीच शेपटी तुटलेली असे.

तिच्या वडिलांचा गाळा शहराच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत होता. ती सगळी गल्लीच दुरुस्तीवाल्यांची. पंखे, मिक्सर, कुलपं, घड्याळं, छत्र्या. जे कुठेच दुरुस्त होत नाही ते इथे आणायचं. वडिलांच्या गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. तेलाचा वास, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले पट्टे, आणि मधोमध एक मशीन, ज्याच्यावर ते कान लावून बसलेले. मशीन बिघडलंय कुठे हे ते डोळ्यांनी शोधत नसत. चाक हाताने फिरवायचे, सुई खालीवर व्हायची, आणि सुईच्या तालावर त्यांची मान हळूहळू हलायची. ताल चुकला की मान थांबायची. तिथे दोष.

मशीनशिवाय मात्र ती मान सहसा हलत नसे. गल्लीत याची चेष्टा व्हायची. वर्गणी असो, भांडण असो, कुणाच्या पोराला पसंत केलेली मुलगी असो, सगळे बोलून दमले की कुणीतरी वडिलांकडे बघायचं आणि म्हणायचं, "मशीनवाल्यांची मान हलली का? नाही ना? मग बसा." चेष्टेची चेष्टा, पण त्यांची मान हलल्याशिवाय गल्लीत कुठलीही गोष्ट ठरत नसे, हेही खरं.

आणि त्या वर्षी ठरवण्यासारखी गोष्ट मोठी होती. रस्ता रुंद करायचा म्हणून गाळे पाडायचं घाटत होतं. गाळेवाल्यांनी संमती द्यावी म्हणून पालिकेची माणसं येऊन गेली होती. गल्लीने एकमुखाने ठरवलं, की बदली जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणीही सही करायची नाही. एकाने जरी केली तरी बाकीच्यांचा जोर जातो, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून सगळे तोंडाला कुलूप लावून बसले होते.

साहेब प्रचाराला गल्लीत आले तेव्हा कात्री वरच्या मजल्यावर सोफ्यातच होती. शूटिंगला गेला होता लंबू, कार्यालयाचा कॅमेरावाला. एक कॅमेरा साहेबांवर तिवईवर लावलेला, आवाजासकट. दुसरा फोन लंबूच्या हातात, गर्दीतून फिरत चेहरे गोळा करायला. चेहऱ्यांना आवाज लागत नाही, म्हणून तो फोनचा आवाज बंदच ठेवायचा.

दुपारी सगळं तिच्याकडे आलं. साहेब कुलपांच्या दुकानासमोरच्या खोक्यावर उभे राहून बोलले होते. रस्ता होणार, गल्लीचं भलं होणार, वगैरे. मग म्हणाले, "प्रत्येक गाळ्याला बदली जागा मिळणार." आणि मग, आवाज खाली नेऊन, जीभ ओठांवरून न फिरवता, "आता खरं सांगायचं तर, माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. पण प्रयत्न करू."

कात्रीने शेपटी कापली. त्यात कपट नव्हतं. तिने ते वाक्य त्या दिवशी ऐकलंसुद्धा नसावं. पट्टी बारीक झालेली दिसली आणि बोट चाललं. "मिळणार" वरून थेट पुढच्या टाळ्या. साहेबांचं डोकं उडलं. ठिगळ हवं होतं. तिने लंबूचे चेहरे उघडले. चहाचा कप धरलेला एक जण, जांभई देणारा एक जण, एक मूल. आणि त्यांच्यात बाबा.

त्यांना असं पडद्यावर बघून तिला हसू आलं, भरूनही आलं. छातीपर्यंतच दिसत होते. खाली बघता बघता त्यांनी डोळे वर केले आणि मान हलवली. सावकाश, एकदाच, पुरती. तिला वाटलं, झालं, मशीनवर बसलेत. चाक फिरवतायत. ताल ऐकतायत. इतकी सुंदर मान लंबूने जन्मात टिपली नव्हती. आजवर तिने अनोळखी आत्यांना रडवलं होतं, आता घरचं माणूस एकदा व्हिडिओत येऊ दे, आईला दाखवू, असं तिच्या मनात आलं. तिने ती मान "मिळणार" या शब्दावर बसवली.

मॅनेजरने एकदाच बघितलं आणि टाळी दिली. त्याच्या डोक्यातली रेघ कुठेही पडत नव्हती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शहरभर फिरला. रिक्षावाल्याच्या फोनवर, भाजीवालीच्या फोनवर, आईच्या बहिणीच्या फोनवर. मावशीने हसण्याचे आणि टाळ्यांचे दहा-बारा चेहरे पाठवले आणि लिहिलं, भावोजी हिरो दिसतात.

घरी आई खूश होती. बाबांनी फोन हातात घेतला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि आईकडे परत दिला. जेवताना एवढंच म्हणाले, "हे तू केलंस?" ती म्हणाली, हो. त्यांनी ताटातला घास उचलला.

गल्लीत पुढच्या काही दिवसांत काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिने ते वडिलांच्या डब्यावरून ओळखलं. इतकी वर्षं तो डबा गल्लीत चार जणांत उघडायचा, कधी रिकामा, कधी दुसऱ्याच्याच भाजीने भरलेला घरी यायचा. आता तो घरच्याच भाजीचा, अर्धा खाल्लेला परत येऊ लागला. मग एका सुट्टीच्या दिवशी ती गाळ्यावर गेली. बाबा सुटे भाग आणायला बाजारात गेले होते. समोरच्या दुकानातून कुलूपवाले काका उठून आले. हे तिच्या वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. लहानपणी तिला खांद्यावर बसवून फिरवलेले. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"पंखेवाल्याने सही केली," ते म्हणाले. "छत्रीवाल्याने केली. मागच्या चौघांनी केली. मी विचारलं, अरे आपलं काय ठरलं होतं? तर मला व्हिडिओ दाखवतात. म्हणतात, मशीनवाल्यांची मान हलली, आता आम्ही कशाला अडून बसू?"

ती म्हणाली, "काका, बाबा तेव्हा मशीन ऐकत होते. तुम्हाला माहितेय ते कसे बसतात. ती मान मी उचलून तिकडे लावली. कामाचा भाग म्हणून."

"मग तुझ्या बापाला तेवढं म्हणायला काय झालं? तोंड आहे ना त्याला? मी चार वेळा विचारलं. म्हटलं, सांग की, मी होकार दिला नव्हता. गप्प. पट्टा काढतो, पट्टा लावतो." काका थांबले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "आणि दुसरं असं, की साहेब 'प्रयत्न करू' म्हणाले होते. माझ्या दुकानापुढे, माझ्याच खोक्यावर उभे राहून. मी ऐकलंय. आता गल्लीत सगळे मला येड्यात काढतात. म्हणतात, काका, तुमचे कान गेले, हे बघा, आहे का कुठे 'प्रयत्न'?"

तिथे उभं राहून साहेबांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या माणसांनाही आता व्हिडिओतलंच आठवत होतं. पुन्हा पुन्हा बघून बघून त्यांची त्या दिवसाची आठवणच तिने कापलेल्या तुकड्याएवढ्या लांबीची झाली होती.

बाबा का गप्प आहेत हे तिला लगेच कळलं, किंवा कळलंय असं वाटलं. ती मान खोटी आहे असं म्हणायचं तर ती लावली कुणी, हेही सांगावं लागलं असतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं पोरगी कुठे काम करते. त्यांनी दोष स्वतःवर घेतला होता.

ती मॅनेजरकडे गेली. म्हणाली, सर, तो व्हिडिओ काढून टाकूया, नाहीतर शेवटचं वाक्य जोडून पुन्हा टाकूया, मी आत्ता करून देते. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि समजुतीने बोलला. हा आपला सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ आहे. काढला तर समोरचे म्हणतील, घाबरले. आणि लोकांच्या फोनमध्ये गेलेला तू कसा काढणार? शेवटी म्हणाला, "आणि 'प्रयत्न करू' जोडून? कात्री, त्याने काय होतं माहितेय? लोक म्हणतात, मग आधी का नव्हतं? खोटं एकदाच चालतं ग. दुरुस्ती चालत नाही."

तिने साहेबांना गाठायचा प्रयत्न केला. ते जिन्यात भेटले, भोवती माणसं, कानाला फोन. तिने दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी ऐकलं. खरोखर ऐकलं, फोन कानापासून बाजूला धरून. "मी तसं म्हणालो होतो का? प्रयत्न करू?" त्यांनी तिलाच विचारलं. "मीही तो व्हिडिओ इतक्यांदा बघितलाय." आणि त्यांना खालून हाक आली.

तिने नोकरी सोडायला हवी होती, असं नंतर तिला पुष्कळांनी सांगितलं. त्या वेळी तिने सोडली नाही. हप्ते नव्हते, घरची अडचणही नव्हती. फक्त जी वस्तू आपण बिघडवली ती सोडून उठायचं तिच्या जिवावर आलं. तिने मूळ चित्रीकरण स्वतःच्या ड्राइव्हमध्ये भरून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. पुढचे व्हिडिओ कापत राहिली, पण आता शेपटीपर्यंत ऐकून. त्यामुळे तिचं काम मागे पडू लागलं.

साहेब निवडून आले. खाली ढोल, वर सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, सोफ्याच्या किमतीची चिठ्ठी कुणीतरी फाडून कात्रीच्या केसांत खोचली.

व्हिडिओंचं काम निवडणुकीनंतरही चालूच राहिलं. काही महिन्यांनी गल्लीत मोजमाप सुरू झालं. गाळ्यांच्या दारांवर लाल रंगाचे आकडे आले. बदली जागेचा पत्ता नव्हता. मग गल्लीतली माणसं गठ्ठ्याने साहेबांच्या कार्यालयात गेली आणि प्रत्येकाने खिशातून फोन काढून तोच व्हिडिओ दाखवला. तुम्हीच म्हणालात, मिळणार. हा बघा तुमचा आवाज. मोजमापाला आलेल्या माणसालाही तेच दाखवलं. कुणी तो प्रिंट काढण्याच्या दुकानात नेऊन त्यातला फोटो काढून घेतला, त्यात साहेब नव्हतेच, नेमके बाबा आले होते. तो फोटो कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवून आले.

त्याच दिवशी मॅनेजरने कात्रीला बोलावलं. त्याच खुर्चीत, तितक्याच समजुतीने तो म्हणाला, "ते मूळ चित्रीकरण आहे ना तुझ्याकडे? पूर्ण? ज्यात साहेब 'प्रयत्न करू' म्हणतात? तेवढं वाक्य जोडून आजच टाकायचंय. लोकांपुढे खरं आलं पाहिजे."

तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

पिशवी खांद्यालाच होती. ड्राइव्ह आत होता. काही महिन्यांपूर्वी तिने हेच वाक्य जोडायला हात जोडले होते. तेव्हा ते जोडलं असतं तर बाकीच्यांनी तरी सह्या केल्या नसत्या. आता सह्या झाल्या होत्या आणि गल्लीच्या हातात धरायला उरला होता तो फक्त तिने व्हिडिओत ठेवलेला "मिळणार". खरं बाहेर काढलं तर तोही सुटणार. ती म्हणाली, "माझ्याकडे नाही, सर." मॅनेजरने तिच्याकडे बघितलं, हसला, आणि लंबूला हाक मारली. लंबूकडे सगळ्याची प्रत असायचीच.

रात्र व्हायच्या आत पूर्ण तुकडा सगळीकडे गेला. शीर्षक होतं, खरं काय ते ऐका. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, त्यानंतरही नाही.

कुलूपवाल्या काकांना आता कुणी येड्यात काढत नव्हतं, पण त्यांना त्याचा आनंद नव्हता. गल्लीचा राग मात्र एका जागी येऊन थांबला. साहेब काय, ते सगळीकडे तसंच बोलतात. पण मशीनवाले तर तिथेच होते. "प्रयत्न करू" त्यांनी ऐकलं होतं. ऐकूनही मान हलवली? फोटो तर भिंतीवर आहे.

ती गाळ्यावर बाबांजवळ जाऊन बसली नाही. घरी खिडकीपाशी बसून तिने ड्राइव्ह उघडला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. लंबूच्या फोनमधल्या चित्राला आवाज नव्हता, पण त्यात एका ठिकाणी सगळे दचकत होते. मूल, चहावाला, बाबासुद्धा. तिवईवरच्या कॅमेऱ्यात त्याच सुमाराला कुठेतरी पत्रा धाडकन पडल्याचा आवाज होता आणि साहेब बोलता बोलता थांबले होते. तिने दोन्ही दचकणी एकावर एक ठेवली आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी सोडली. साहेब बोलू लागले. मिळणार, ते म्हणाले. शेजारच्या चौकटीत बाबा खाली बघत होते, हलले नाहीत. मग साहेबांचा आवाज खाली गेला. आता खरं सांगायचं तर, माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. पण प्रयत्न करू. बाबांनी डोळे वर केले आणि मान हलवली. सावकाश, एकदाच, पुरती.

तिने ते पुन्हा बघितलं. चौकट छातीपर्यंतच होती. खाली हात चाकावर होता की नव्हता ते दिसत नव्हतं. उजवा खांदा किंचित हलत होता, की तो लंबूचा फोन हलत होता? चाक फिरत असेल तर ती मान सुईची. नसेल तर ती साहेबांच्या त्या एका वाक्याची, जे त्या दिवसातलं एकच खरं वाक्य होतं आणि जे तिने कापलं होतं.

बाबा घरी आले, हातपाय धुऊन बसले. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि बघायला लावलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं.

"यात आवाज नाही का मशीनचा?" त्यांनी विचारलं.

"नाही. लंबू आवाज बंद ठेवतो."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि चष्मा काढून त्याची घडी घातली.

आता ती एका शिकवणीच्या क्लाससाठी गणिताचे व्हिडिओ कापते. मास्तर फळ्यापाशी अडखळतात, खडू मोडतात, चूक पुसून पुन्हा लिहितात. जिथे कापावंच लागतं तिथे मास्तरांचं डोकं टुणकन उडतं आणि ती ते तसंच उडू देते. मास्तरांनी एकदा विचारलं, हे जरा झाकता येणार नाही का? तिने येत नाही म्हणून सांगितलं.

गल्लीत आता एका बाजूने पाडापाडी सुरू झालीय. बाबांच्या दारावर लाल आकडा आहे, आत मशीन आहे, आणि गिऱ्हाइकं येतात तशी येतात. चाक फिरतं, सुई चालते, मान हलते. शेजारचे आता तिकडे बघत नाहीत. काका डबा खायला बोलावू लागलेत, पण कुठलीच गोष्ट ठरवायला नाही. कात्री कधी कधी कामावरून परतताना गाळ्याबाहेर थोडी थांबते, त्यांना दिसणार नाही अशी. त्यांचा हात बघते, मग मान बघते. तेव्हा एक प्रश्न ओठांवर येतो, आणि दर वेळी ती तशीच परत फिरते.

बाबा, त्या दिवशी तुमचा हात चाकावर होता का?